कटलफिशच्या मेंदूचे काप

तुम्ही लॅबमध्ये काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायची, कापते. समोरचा माणूस जरा मागे सरकायचा. मग त्याला समजावून सांगावं लागायचं.

भिलाईत सुपेल्याच्या चौकाजवळ एका टायरच्या दुकानावर आमची पॅथॉलॉजी लॅब होती. रक्त-लघवी तपासणारी मुलं पुढच्या खोलीत बसायची, मी मागच्या. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पित्ताशय, गर्भाशयाचा तुकडा माझ्याकडे यायचा. तो कुजू नये म्हणून आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मग स्पिरिटमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं आणि वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण थिजलं की साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा तयार होतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा ब्लॉक मायक्रोटोम नावाच्या यंत्रात अडकवून हाताने चाक फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला पातीवरून एक काप उतरतो, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. काप एकाला एक चिकटून फीत तयार होते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेच्या पट्टीवर उचलायची, रंग द्यायचा. मग डॉक्टरसाहेब मायक्रोस्कोपमधून बघून सांगायचे, कॅन्सर आहे की नाही. निदान त्यांचं, काप माझा. काप फाटला तर निदानही फाटतं.

सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. रस्त्यावरून भरलेला ट्रेलर गेला की टेबल थरथरायचं, म्हणून हॉर्न ऐकू आला की मी चाक थांबवायची. पंख्याच्या वाऱ्याने फीत उडते, म्हणून ऐन मे महिन्यातही काप घेताना पंखा बंद. माणसंही तऱ्हेतऱ्हेची यायची. एकाने बायकोचं पित्ताशय लोणच्याच्या बरणीत आणलं होतं, तेलाचा तवंग तसाच. कुम्हारी गावचा एक मुलगा, चाळिशीचा असेल, आईची काढलेली गाठ घेऊन बसने आला. मी म्हटलं, डबा ठेवा टेबलावर. तो पावती होईपर्यंत डबा छातीशी धरून उभाच राहिला. मग मीच त्याच्या हातातून दोन्ही हातांनी घेतला.

ब्लॉकवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. दोन नंबरांची अदलाबदल झाली तर एका धडधाकट बाईचा स्तन जातो आणि दुसरी आजार घेऊन घरी जाते. म्हणून माझा एक नियम होता. टेबलावर एका वेळी एकच ब्लॉक. त्याचे काप काचेवर चढले, काचेवर नंबर लिहिला, ब्लॉक डब्यात गेला, मगच दुसरा. हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो माणसाच्या नाही, कटलफिशच्या ब्लॉकसाठी.

प्रणाली लांजेवार एप्रिलमध्ये आमच्याकडे आली. भिलाई-३ ची रेल्वेतली पोरगी. वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. आई नव्हती. ती समुद्रकाठच्या एका संस्थेत पीएचडी करत होती आणि जानेवारीत वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून सगळं सोडून घरी आली होती. तिच्या हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता. झाकण उघडलं तर आत बर्फ, आणि बर्फावर प्लास्टिकच्या पिशवीत सहा ब्लॉक.

तिथल्या लॅबमधले कापणारे गृहस्थ एवढे ब्लॉक बसवून काम सोडून गेले होते, नवा माणूस मिळेना, आणि तिची मुदत वर्षअखेर संपत होती. दुर्ग-भिलाईत तिने चार ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी हसून पाठवलं. आमच्या डॉक्टरसाहेबांनाही हसूच आलं. ते छत्तीसगडचेच, हिंदीतून म्हणाले की समुद्राचं जनावर सुपेल्यात कशाला आलं. मी ब्लॉक उजेडात धरला. आतला तुकडा इतका नाजूक आणि नीट बसवलेला होता की माझा हात शिवशिवला. मी म्हटलं, साहेब, नऊच्या आधी येऊन करीन, पेशंटच्या कामाला हात लागणार नाही. त्यांनी मान डोलावली.

कटलफिश म्हणजे काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. प्रणालीने सांगितलं की पिंजऱ्यातल्या पोपटाला टोकरायला देतात ते समुद्रफेन म्हणजे तिच्याच पाठीतलं हाड. नाव फिश असलं तरी ती मासा नाही. कोकणातल्या माकुळाची ती चुलत बहीण. आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. अंडी घालते ती आयुष्याच्या शेवटी, एकाच हंगामात, आणि मग संपते.

प्रणालीला शोधायचं होतं ते असं. अंडी कधी पिकवायची हे कटलफिशचं अंडाशय आपलं आपण ठरवत नाही. मेंदू ठरवतो. मेंदू आणि डोळा यांच्यामध्ये एक देठ असतो, त्या देठावर मोहरीएवढी गाठ असते. ती गाठ रस सोडते आणि अंडाशय जागं होतं. पण मेंदूतून त्या गाठीपर्यंत बारीक तंतू आलेले असतात. त्यांच्यात प्रथिनाच्या छोट्या छोट्या माळा असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. काही पेप्टाइडं गाठीला उठवतात, काही दाबून ठेवतात. प्रणाली एका दाबून ठेवणाऱ्या पेप्टाइडच्या मागे होती. तिचा अंदाज होता की मादी तयार नसते तोवर गाठीभोवती ते पेप्टाइड दाट असेल आणि अंडी घालायच्या वेळी विरळ झालेलं असेल.

तिचे वडील तिला न्यायला एकदा ऑटोने आले तेव्हा त्यांनी मला हे त्यांच्या भाषेत सांगितलं. सिग्नल लाल आहे तोवर इंजिन तापलेलं असलं तरी गाडी उभी राहते. पोरगी तो सिग्नल लाल कोण धरून ठेवतो ते शोधते. डावा हात त्यांचा लोंबत होता, बोलणं जरा जड होतं, पण मुलीचं काम त्यांनी नीट समजून घेतलं होतं.

सहा माद्या होत्या. एक ते तीन नंबर तयार नसलेल्या, चार ते सहा अंड्यांवर आलेल्या. प्रत्येक ब्लॉकमध्ये ती मोहरीएवढी गाठ कुठेतरी होती आणि ती येईपर्यंत एकही काप वाया घालवून चालणार नव्हतं. पेप्टाइड दाखवणारं औषधही तिच्याजवळ बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत थोडंसंच होतं. ते लावलं की पेप्टाइड असेल तिथे तपकिरी रंग उठतो.

सकाळी साडेसहाला मी लॅब उघडायची. भिलाईतला मे, सहालाच भिंती गरम. मेण मऊ पडतं, काप गोळा होतो. मी ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर उलटा ठेवायची, दहा-बारा काप घ्यायची, पुन्हा बर्फावर. मेंदूच्या भोवती कूर्चेचं कवच असतं. प्रणालीने ते सोलून काढलं होतं, पण कुठे जरासं राहिलं असलं की पातीला खर्र लागायचं आणि फीत उभी फाटायची. तेव्हा पात बदलायची, ब्लॉक तिरपा करायचा, पुन्हा लावायचं. घाम नाकावरून ओघळू नये म्हणून मी कपाळाला पंचा बांधायची. प्रणाली समोर श्वास धरून बसायची. रोज एक ब्लॉक, असा हिशेब होता.

चौथ्या दिवशी वीज कंपनीचा निरोप आला की दुरुस्तीसाठी आजपासून दोन दिवस सकाळी आठपासून लाइन बंद राहील. लाइन नाही तर फ्रीज नाही, बर्फ नाही, कोमट पाणी नाही. एक, तीन आणि चार झाले होते. सहा नंबर लाइन आल्यावर घ्यायचा ठरवून मी दोन आणि पाच नंबर दोन्ही एकदम ट्रेवर घेतले. एक गार होईपर्यंत दुसऱ्याचे काप घ्यायचे. आठला पाच कमी असताना दोन्ही पुरे झाले. मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

सगळे काप झाल्यावर प्रणालीने रंग दिला. पुढच्या आठवड्यात ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. एक नंबरला गाठीभोवती तपकिरी तंतूंचं दाट जाळं. तीनला तसंच. चार आणि सहाला मोजकेच धागे. तिच्या अंदाजाप्रमाणे सगळं. पण दोन नंबर, जी तयार नसलेली मादी, तिच्यात विरळ. आणि पाच, जी अंड्यांवर आलेली, तिच्यात दाट.

प्रणालीने दोन्ही काचा काढून पुन्हा लावून पाहिल्या. मग वही उघडून म्हणाली की दोन आणि पाच एकाच दिवशी कापले होते ना.

मी हो म्हटलं. एकदमच कापले होते, हेही सांगितलं.

"म्हंजे अदलाबदल झाली असंन," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. "ताई, तुमी फक्त एवढं लिहून द्या. दोनच्या काचेवर पाच पडला आन् पाचच्या काचेवर दोन. बस. सगळं जुळते."

"मले तसं आठवत नाई."

"आठवत नाई म्हंजे झालं नाई असं थोडंच हाय. एकदम दोन ब्लॉक कोन घेते?"

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. इतक्या वर्षांत जे केलं नाही ते मी केलं होतं. शपथेवर सांगता आलं नसतं की चूक झालीच नाही. लिहून दिलं असतं तर माझं काय गेलं असतं? कुणाचा स्तन जाणार नव्हता. एका पोरीचं काम पार पडलं असतं. वडील आजारी, मुदत संपत आलेली. मी तिला म्हटलं, दोन दिवस दे.

डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं, नियम मोडल्याचंही. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "आप क्या मानती हैं, बदला है?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, तर मग माहीत करून घ्या, मानण्यावर सही देऊ नका.

माहीत करून घ्यायला एक रस्ता होता. ब्लॉकमध्ये अजून थोडा तुकडा शिल्लक होता. ब्लॉकच्या तोंडावर उरलेल्या तुकड्याचा जो आकार दिसतो तो त्याच्यावरून उतरलेल्या शेवटच्या कापाशी जुळलाच पाहिजे. पावाची उरलेली अर्धी लादी आणि शेवटचा काप जुळतो तसा. मी दोन्ही ब्लॉकची तोंडं भिंगाखाली ठेवून कागदावर कडा काढल्या. दोन नंबरच्या ब्लॉकला एका बाजूला खाच होती, कूर्चा राहिली होती तिथली. पाचच्या ब्लॉकमध्ये डोळ्याकडचा भाग जास्त आला होता. मग शेवटच्या काचा काढल्या. दोनच्या काचेवर खाच होती. पाचच्या काचेवर डोळ्याकडचा भाग जास्त होता.

मी एवढ्यावर थांबले नाही. दोन्ही ब्लॉकचे आणखी तीन-तीन काप घेतले, एका वेळी एकच ब्लॉक टेबलावर ठेवून, आणि पुन्हा जुळवले. अदलाबदल झाली नव्हती.

हे मी प्रणालीला सांगितलं तेव्हा तिला आनंद होईल असं मला कुठेतरी वाटत होतं, माझ्यावरचा आळ गेला म्हणून. तिचा चेहरा पडला. ती म्हणाली की म्हणजे तिचा अंदाज चुकला, तीन वर्षं पाण्यात गेली. आणि मग असंही म्हणाली की एक ओळ लिहून दिली असती तर कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, मला कळलं असतं. ती उठली, डबा तिथेच ठेवून निघून गेली. आठवडाभर आली नाही.

त्या आठवड्यात मी रोज पेशंटचे काप घेत होते, पण डोक्यात दोन आणि पाच. रागही येत होता तिचा. एकदा एका बाईचं गर्भाशय कापायला आलं. केसपेपरवर एक लिहिलेलं आणि कापात दुसरंच दिसत होतं. अशा वेळी आम्ही एक गोष्ट हमखास करतो. ऑपरेशनमध्ये काढलेलं बाकीचं सामान मागवतो. काप आणि कागद भांडत असले की आधी कागदावर संशय घ्यायचा, कारण कागद माणूस लिहितो. ते करता करता माझा हात थांबला. कटलफिशचं बाकीचं सामान आम्ही पाहिलंच नव्हतं.

मी दुपारी बसने भिलाई-३ ला गेले. रेल्वे लाइनीच्या बाजूचं दोन खोल्यांचं घर. प्रणाली वडिलांच्या हाताला तेल लावत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं.

"मेंदू काढले तवा त्या जनावरायच्या अंडाशयाचं काय केलं?"

ती म्हणाली की डब्यांमध्ये भरून तिकडेच कपाटात ठेवले आहेत, पांढरे प्लास्टिकचे डबे. पुढे कधी वेळ मिळाला तर बघायचं होतं. कोणती मादी तयार आणि कोणती नाही हे तर वहीत लिहिलेलंच होतं.

"वही कोनी लिहिली?"

"मीच."

मी म्हटलं, मला ते सगळे डबे पाहिजेत. तिने तिकडच्या मैत्रिणीला फोन लावला आणि कपाट उघडायला सांगितलं. अर्ध्या तासाने फोनवर फोटो आला. दोन नंबरच्या डब्यात अंडाशय टपोऱ्या अंड्यांनी भरलेलं होतं, साबुदाणा फुगावा तसं. पाचच्या डब्यात बारीक, चिंबलेलं, कोवळं.

म्हणजे दोन नंबर अंड्यांवर आलेली मादी होती आणि पाच नंबर तयार नसलेली. मेंदूच्या कापांनी खरं तेच सांगितलं होतं. वहीच चुकली होती.

प्रणाली फोन हातात धरून खाली बसली. मग उठून तिने आतून वही आणली, जानेवारीतली ती तारीख काढली आणि माझ्यापुढे धरली. तिचे वडील आमच्याकडे बघत होते. बस स्टॉपपर्यंत ती माझ्याबरोबर आली तेव्हा तिने सांगितलं. त्या दिवशी सहा जनावरं एका बैठकीत उघडायची होती. अर्ध्यात शेजाऱ्यांचा फोन आला की पप्पा न्हाणीत पडले, बोलता येत नाही. गाडी संध्याकाळची होती. काम तसंच टाकलं असतं तर सगळी जनावरं नासली असती. तिने रडत रडत ती पुरी केली, डबे बंद केले, आणि वहीतल्या ओळी शेवटी आठवून भरल्या.

"पप्पाले सांगू नका," ती म्हणाली.

मी नाही सांगणार म्हटलं. आणि इथे माझ्याकडून जे झालं त्याची मला अजून लाज वाटते.

डबे पार्सलने दुर्गला आले. फोटोत दिसत होतंच, पण मी सहाही अंडाशयांचे ब्लॉक करून काप घेतले, कारण फोटो म्हणजे काप नव्हे. बाकीच्या चारांची वही बरोबर निघाली. त्याच सुमारास प्रणालीचे वडील तिचं काही सामान घ्यायला ऑटोने एकटेच आले. त्यांनी विचारलं की पोरगी जेवत नाही, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, कापात चूक नव्हती, वहीत होती. त्यांनी विचारलं, अशी कशी चूक, ती तर लहानपणापासून टापटिपीची. आणि माझी चूक नव्हती हे सांगायच्या नादात माझ्या तोंडून निघून गेलं की माणूस आहे, त्या दिवशी तिला घरून फोन आला होता.

म्हाताऱ्याला तारीख विचारायची गरज पडली नाही. ते बाकावर बसले. उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

"म्हंजे मी पडलो म्हनून झालं," ते म्हणाले.

मी पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि खालच्या टायरवाल्याचा हवेचा पंप चालू-बंद होत होता तो ऐकत बसले. मग त्यांनी मला विचारलं की आता तिला काय करावं लागेल. मी खरं तेच सांगितलं. तिने फोनवर सगळं कळवलं तेव्हा तिच्या पीएचडीच्या सरांचं म्हणणं पडलं की वहीतला नंबर नुसता दुरुस्त करून पुढे जाऊ नये. त्या दिवसाची सगळीच जनावरं बाजूला ठेवावीत, नवी आणावीत, मुदत वाढवून घ्यावी. पण त्यासाठी तिला समुद्रावर परत जावं लागेल, निदान सहा महिने. आणि ती जायला तयार नाही.

"कावून नाई?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय केलं ते मला प्रणालीने पुढे सांगितलं. सकाळी पाचला उठून काठी घेऊन रेल्वेच्या फाटकापर्यंत चालायला लागले. पहिल्या दिवशी अर्ध्यावरून परत आले. आठवड्याने फाटक गाठलं. एका हाताने खिचडी करायला शिकले, कुकरचं झाकण गुडघ्यात धरून. प्रणाली ओरडायची, ते ऐकायचे नाहीत. महिन्याभराने त्यांनी तिला समोर बसवलं. मी तेव्हा त्यांच्याकडे गेले होते, तिचा डबा परत द्यायला. त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"गाडी सिग्नलच्या पुढं निघून गेली त डायवर काय करते?" त्यांनी विचारलं. "उतरून पळते का? जागीच थांबते, कंट्रोलले रिपोर्ट करते, का माह्यानं अशी चूक झाली. मंग जसं सांगतीन तसं गाडी पुढं नेते. तू रिपोर्ट केला. आता पुढं ने."

"आन् तुमी?"

"मी रोज फाटकापर्यंत जाऊन राहिलो. तू येईपर्यंत टेसनापर्यंत जाईन."

ती जुलैमध्ये गेली. शेजारच्या काकू दोन वेळा डोकावायच्या, मी रविवारी जायची. ते बऱ्याचदा बाहेरच भेटायचे, काठी टेकत चाललेले, घामेजलेले, आणि मला बघून थांबायचेसुद्धा नाहीत. नुसती मान हलवायचे. थांबलो की लय बिघडते, म्हणायचे. त्यांनी त्या दिवसाचा विषय माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी चहा ठेवायला सांगितलं.

नवे ब्लॉक डिसेंबरात आले, दहा जनावरांचे. या वेळी प्रत्येकासोबत अंडाशयाचाही ब्लॉक होता आणि प्रत्येक डब्यावर तिथल्या तिथे, जनावर समोर असताना लिहिलेली चिठ्ठी होती. थंडीत मेण काचेसारखं टणक होतं, काप सुरेख निघतात. मी रोज एक ब्लॉक घेतला. मध्ये एकदा लाइट गेली तेव्हा खिडकीशी खुर्ची ओढून बसून राहिले, दुसऱ्या ब्लॉकला हात लावला नाही.

निकाल बराचसा तिच्या अंदाजासारखा आला, पण अगदी तसा नाही. एक मादी दोन्हींच्या मधली निघाली. अंडी अर्धवट, तंतूही अर्धवट. प्रणालीने ती वगळली नाही. आणि प्रबंधात पहिल्या सहांची सगळी हकिकत लिहिली, वहीत चूक कशी झाली, कशी सापडली, नंबर कोणते. तिचे सर म्हणाले होते की एवढं लिहायची गरज नाही. ती म्हणाली, गरज आहे. तोंडी परीक्षेत तिला त्याच पानावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले. पदवी मिळाली, ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा. वडील तोवर बसने सुपेल्यापर्यंत एकटे येऊ लागले होते.

माझ्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर दिसायला लागलं, पण काप पूर्वीसारखा दिसेना. मी स्वतःच काम सोडलं. त्या हिवाळ्यात प्रणालीने मला तिकीट पाठवलं. ती आता तिथेच नोकरीला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्र बघितला. खरं सांगायचं तर त्यापेक्षा मला दुसरंच बघायची घाई होती.

संस्थेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या. एका टाकीत एक मादी होती, वीतभर, अंग फिकट पडलेलं, कडेची झालर जागोजागी झिजलेली. इतक्या मेंदूंचे काप घेतले, पण मालकीण मी कधी पाहिली नव्हती. तिने डोळा माझ्याकडे वळवला. त्यातली बाहुली आपल्यासारखी गोल नव्हती, नागमोडी होती. पाण्यात सोडलेल्या दोरीला पांढऱ्या द्राक्षांसारखी अंडी लटकत होती. ती दोरीपाशी आली, सोंडा पुढे करून दोरीला धरलं, बराच वेळ तशीच राहिली, आणि सुटून मागे गेली तेव्हा एक अंडं वाढलेलं होतं. थोडं थांबली, पाणी आत-बाहेर करत. मग परत दोरीकडे.

मी विचारलं, काही खाते का. प्रणाली म्हणाली, आता फारसं नाही. दोन-चार दिवस काढेल.

बाहेर गाडी उभी होती. प्रणालीला मला बंदर दाखवायचं होतं, नंतर तिच्या घरी जेवण होतं, वडील वाट बघत होते. त्यांना तिने तिकडे नेलं आहे. ती घड्याळ बघून म्हणाली, ताई, निघू या.

मी म्हटलं, "थांब. तिचं होऊ दे."